तेरा पूर्णांक चार

गाडी विकायची म्हणून कप्पा रिकामा करत होते.
रुमाल, दोन जळके फ्यूज, पार्किंगच्या चिठ्ठ्या,
आणि तळाशी अण्णांची वही.
अकरा वर्षांचं पेट्रोल, निळ्या शाईत.
तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार,
दशांशाच्या पुढे एकच आकडा,
कारण दुसऱ्या आकड्यात, ते म्हणत, माणूस स्वतःलाच फसवतो.

रेडिओ फक्त बातम्यांपुरता.
पंखा दोनवर गेला की त्यांची मान वळायची.
"काच खाली कर. वारा फुकट आहे."
मग आईनं पदर डोक्याला गुंडाळायचा
आणि कात्रजपर्यंत आम्ही सगळ्यांनी ट्रकांचा धूर खायचा,
तोही फुकट.

नाना पेठेत इसाक शिकलगारांचं दुकान.
दुकान कसलं, एक फळी, एक मीटर
आणि पोट फाडलेल्या अल्टरनेटरांचा ढीग.
आमचा पट्टा किंचाळायला लागला तेव्हा
त्यांनी मला बॉनेटपाशी उभं केलं.
अण्णांना नाही, मला.
मी बारावीत, फिजिक्समध्ये गटांगळ्या खात.
"बॅटरी काही देत नसते, पोरी. ती नुसती सांभाळते.
देतं ते इंजिन. आता ऐक."
खिडकीतून हात घालून त्यांनी दिवे लावले,
मागच्या काचेची जाळी लावली, पंखा चारवर नेला.

इंजिन क्षणभर दबलं.
खोकलं नाही, बंद पडलं नाही.
डोक्यावर हंडा चढवताना मान जेवढी खाली जाते
तेवढंच,
आणि पुन्हा सरळ.

"ते जे सावरलं ना," इसाकभाई म्हणाले, "तिथं पेट्रोल गेलं."
अण्णा खूश. "बघ! मी काय सांगत होतो!"
"आणि साहेब, हायवेला काच उघडी टाकता का?
वारा गाडीला मागं ओढतो. तोही पैसे घेतो."
अण्णा स्वारगेटपर्यंत बोलले नाहीत.
काच मात्र वर घेतली. अर्धी.

तेव्हापासून तो आवाज माझ्या कानात बसला आहे.
रात्री साडेदहाला बेल वाजते
आणि आई न विचारता गॅसकडे वळते, तेव्हा येतो.
फोनवर मी "हो, करते की" म्हणते
त्याच्या जरासा आधी येतो.

वहीत सगळीकडे सोळा.
सोळा पूर्णांक एक, पंधरा पूर्णांक नऊ, सोळा.
मध्येच एका पानावर, पाच लिटरला, तेरा पूर्णांक चार.
आकडा घसरला की शेजारी कारण लिहायची त्यांची पद्धत:
टायरमध्ये हवा कमी.
विद्यापीठ चौक, पन्नास मिनिटं.
भेसळ असावी.
इथं लिहिलंय:
पानशेत. दिवे. कुडी सापडली नाही.

मला आठवतं. पाण्याकाठचं गवत,
उजेड कधीच गेलेला,
आईचा एक कान मोकळा.
ती म्हणत होती, जाऊ द्या हो, मोती खोटेच होते.
आणि माझ्या मोबाइलच्या चार्जरची पिन
दर सिग्नलला उपटणारा तो माणूस
इंजिन चालू ठेवून, मोठे दिवे लावून
पाऊण तास गवत विंचरत होता. बोटांनी.
स्वतःचीच लांब सावली पुढ्यात पडली की
बाजूला सरकत होता.
मी आत बसले होते. पंखा चारवर होता.
कुणी वळून पाहिलं नाही.

काल मुंढव्याहून सुजय लोणकर आला गाडी बघायला.
बसल्या बसल्या त्यानं एसी लावला, गाणी लावली,
फोन चार्जिंगला लावला, दिवे दोनदा उघडझाप करून बघितले.
इंजिन दबलं, सावरलं.
त्याला कळलं नाही.
कोथरूड डेपोला वळताना त्यानं विचारलंच,
"मायलेज काय देते, ताई?"

वही माझ्या पिशवीत होती.
म्हटलं, सोळा.
मग म्हटलं,
अंधार पडायच्या आत घरी आलात तर.